निळ्या रेघेमागचे पान

फ्लटरमध्ये अ‍ॅप लिहिणारा प्रोग्रामर कधी ना कधी कोडमध्ये ‘प्रिंट’ टाकतोच. एखाद्या व्हेरिएबलमध्ये नेमके काय आले आहे ते डोळ्यांनी पाहायचे असते, हाताशी वेळ कमी असतो आणि याहून सोपा मार्ग दुसरा नसतो. ओळ टाइप होताच एडिटर त्या शब्दाखाली निळी नागमोडी रेघ ओढतो. रेघेवर माउस नेला की दोन छोटी वाक्ये दिसतात. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या कोडमध्ये प्रिंट वापरू नका, हे पहिले. लॉगिंगची व्यवस्था वापरून पाहा, हे दुसरे. शेजारी नियमाचे नाव असते, ‘अव्हॉइड_प्रिंट’. नावावर क्लिक केले की त्या एकाच नियमाला वाहिलेले पान उघडते. घाईतला माणूस तिथपर्यंत जात नाही. तो एक तर ती ओळ पुसतो, नाहीतर रेघ दिसेनाशी करण्याची युक्ती शोधतो.

ही पुस्तिका त्या पानाबद्दल आहे.

कोडची शैली तपासणारे नियम, म्हणजे लिंट, कसे बनवावेत यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नियम बनवून झाल्यावर तो वापरणाऱ्याला कसा समजावून सांगायचा, हे काम मात्र ‘रिलीजनंतर बघू’ म्हणून मागे पडते आणि मागेच राहते. वास्तविक नियम पाळला जाणार की टाळला जाणार, हे त्या पानावर ठरते. मोबाइल अ‍ॅपच्या फ्रेमवर्कमध्ये तर हे अधिकच खरे. एकच नियम हजारो अनोळखी टीमच्या कोडवर चालतो आणि नियम लिहिणारा त्यांच्यापैकी कुणाच्याही शेजारी बसून ‘अरे, हे यासाठी आहे’ असे सांगू शकत नाही.

डार्ट ही फ्लटरची भाषा. गूगलने ती 2011 मध्ये जाहीर केली आणि फ्लटरची 1.0 आवृत्ती डिसेंबर 2018 मध्ये आली. 2021 पासून फ्लटरचा नवा प्रकल्प तयार केला की त्यात ‘अ‍ॅनालिसिस_ऑप्शन्स.यॅमल’ नावाची फाइल आपोआप येते. शिफारस केलेल्या नियमांचा संच, म्हणजे ‘फ्लटर_लिंट्स’, तिच्यातूनच जोडला जातो. ही फाइल उघडून पाहण्यासारखी आहे. तिच्यात चालू ओळी अगदी थोड्या, बाकी सगळ्या कॉमेंट. ही फाइल कशासाठी आहे, नियम बंद कसा करायचा, एखाद्याच ओळीपुरता कसा थांबवायचा, हे तिथेच लिहिलेले असते. बंद करण्याचे उदाहरण म्हणून तीत ‘अव्हॉइड_प्रिंट’ दिला आहे आणि नवा नियम चालू करण्याचे उदाहरण म्हणून एकेरी अवतरणचिन्हांचा. नवख्या प्रोग्रामरची लिंटशी पहिली गाठ त्या कॉमेंटमध्ये पडते. तिथे धमकीचा सूर नाही, हे ज्याने लिहिले त्याला श्रेय द्यायला हवे.

नियमाचे स्वतःचे पान याहून शिस्तीत असते. वर एका वाक्यात नियम. मग तो डार्टच्या कोणत्या आवृत्तीपासून आहे, कोणत्या शिफारस-संचात बसतो आणि एडिटर त्याची दुरुस्ती आपोआप करून देतो का, याची नोंद. त्याखाली कारण आणि दोन कोड, एक चुकलेला, एक बरोबर. दुसऱ्या एखाद्या नियमाशी भांडण असेल तर तेही नोंदवलेले. ‘अव्हॉइड_प्रिंट’चे पान नुसते ‘नको’ म्हणून थांबत नाही. फ्लटर वापरत असाल तर ‘डीबगप्रिंट’ वापरा किंवा फक्त डीबग बिल्डमध्येच छापले जाईल अशी अट घाला, अशी वाट ते दाखवते. ही वाट का हवी, हे फोनच्या अंतरंगात शिरल्यावर कळते. अँड्रॉइडवर एका दमात खूप मजकूर छापला तर लॉगमधल्या काही ओळी गळून जाऊ शकतात. ‘डीबगप्रिंट’ तोच मजकूर बेताबेताने सोडतो. शिवाय साधा ‘प्रिंट’ रिलीज बिल्डमध्येही छापतच राहतो. लॉगिनचे टोकन किंवा ग्राहकाचा फोन नंबर त्यात असेल तर तो फोनच्या लॉगमध्ये जाऊन बसतो.

तपासणीची ही परंपरा जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ हा प्रोग्राम लिहिला आणि 1978 मध्ये त्यावर एक निबंध लिहिला. पहिल्या लिंटबरोबर त्याचे दस्तऐवजीकरणही आले, हे विसरता कामा नये. त्यातली एक सोय आजही शिकण्यासारखी आहे. एखाद्या ठिकाणी लिंटने गप्प बसावे असे वाटले तर प्रोग्रामर कोडमध्ये विशिष्ट कॉमेंट लिहीत असे: ‘नॉटरीच्ड’, म्हणजे कोड इथे कधी पोहोचणारच नाही, किंवा ‘आर्ग्जयूज्ड’, म्हणजे या फंक्शनचे काही आर्ग्युमेंट वापरले नाहीत हे ठाऊक आहे. लिंटला थांबवणारी प्रत्येक कॉमेंट वाचणाऱ्याला काहीतरी माहिती देत होती. नंतरच्या काळातल्या ‘इग्नोर’ कॉमेंटमधून ही माहिती नाहीशी झाली. नियमाचे नाव उरले, कारण गेले.

कारणाचे महत्त्व समजायला संगणकाची गरज नाही. सोसायटीच्या फाटकाशी ‘येथे गाडी लावू नये’ एवढाच फलक असला तर लोक दोन दिवस पाळतात, तिसऱ्या दिवशी ‘पाचच मिनिटे’ म्हणून गाडी लागते. खाली ‘पाण्याचा टँकर इथून वळतो’ अशी ओळ आली की तोच माणूस गाडी पुढे नेऊन लावतो आणि टँकर नसलेल्या दिवशी कुठे लावायला हरकत नाही, तेही त्याला आपोआप कळते.

स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या धंद्यात मुरलेल्या लोकांनी हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. कोव्हेरिटी या कंपनीच्या मंडळींनी 2010 मध्ये आपला अनुभव लिहिला, तेव्हा त्यांनी एक कटू गोष्ट मांडली. ज्या चुकीचे स्पष्टीकरण प्रोग्रामरला समजत नाही, ती चूक तो खोटी ठरवून मोकळा होतो. चूक खरी असली तरी. गूगलने 2018 मध्ये आपल्या तपासण्यांबद्दल लिहिताना याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. तपासणी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे की नाही याला दुय्यम स्थान देऊन, प्रोग्रामरने इशारा पाहून काही केले का, हा निकष त्यांनी धरला. काहीच केले नाही तर तो इशारा फुकट गेला. फुकट जाणाऱ्या इशाऱ्यांचे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे आणि इशारा वाचणाऱ्याला सहज समजला पाहिजे, अशा त्यांच्या अटी होत्या. फेसबुकचा अनुभव आणखी बोलका आहे. त्यांच्या मोबाइल अ‍ॅपचा कोड तपासणारे ‘इन्फर’ हे साधन आधी रात्री चालवून सकाळी यादी दिली जाई, तेव्हा जवळजवळ कुणीच काही दुरुस्त केले नाही. तेच इशारे कोड रिव्ह्यूच्या वेळी दाखवू लागल्यावर सुमारे 70 टक्के दुरुस्त्या होऊ लागल्या. साधन तेच, माणसेही तीच. बोलण्याची वेळ बदलली होती.

आता एक नियम जवळून पाहू, कारण या विषयातली सगळी गुंतागुंत त्यात आहे. नियमाचे नाव ‘यूज_बिल्ड_कॉन्टेक्स्ट_सिंक्रोनसली’. नाव ऐकून काही बोध होत नाही आणि इशाऱ्यातले वाक्य, ‘असिंक गॅप’ ओलांडून बिल्डकॉन्टेक्स्ट वापरू नका, हेही नवख्याला तितकेच अगम्य.

समजा, पैसे भरण्याचा स्क्रीन आहे. वापरणारा ‘भरा’ दाबतो, अ‍ॅप सर्व्हरला विचारते आणि उत्तराची वाट पाहते. कोडमध्ये ही वाट पाहणे म्हणजे ‘अवेट’. उत्तर आले की स्क्रीन बंद करायचा आणि त्यासाठी ‘नॅव्हिगेटर’ला ‘कॉन्टेक्स्ट’ द्यायचा, म्हणजे आपण स्क्रीनच्या झाडात नेमके कुठे आहोत याचा पत्ता. ऑफिसच्या वायफायवर सगळे सुरळीत चालते. तेच अ‍ॅप कर्जत-लोणावळा घाटातल्या बोगद्यात वापरले जाते. उत्तर येईना, म्हणून प्रवासी कंटाळून मागे जातो. तो स्क्रीन झाडातून काढला जातो. बोगदा संपतो, रेंज येते, उत्तरही येते आणि कोड आता अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर स्क्रीन बंद करायला निघतो. तिथे एरर येते. डेव्हलपरच्या टेबलावर ती कधीच आलेली नसते.

नियमाच्या पानावरचे उत्तर एका ओळीचे आहे. ‘अवेट’नंतर ‘कॉन्टेक्स्ट.माउंटेड’ तपासा, नसेल तर परत फिरा. पण समजा, एखाद्याने पान वाचलेच नाही आणि फक्त निळी रेघ घालवायची ठरवले. तो ‘अवेट’च्या आधीच नॅव्हिगेटर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि नंतर त्याच्यावर ‘पॉप’ चालवतो. रेघ गेली, लिंट समाधानी. आता बोगद्यातल्या प्रवाशाचे काय होईल? तो आधीच मागे आला आहे. नॅव्हिगेटर जिवंत आहे, त्यामुळे एरर येत नाही. तो वरचा स्क्रीन बंद करतो आणि तो असतो प्रवासी आत्ता पाहत असलेला. पैसे भरून झाले की डोळ्यांसमोरचा स्क्रीन आपोआप गायब होतो आणि क्रॅश रिपोर्टमध्येही काही येत नाही. नॅव्हिगेटर आधी काढून ठेवणे ही स्वतःहून वाईट पद्धत नव्हे. कित्येक ठिकाणी ती योग्यच असते. इथे ती का चुकली, हे मात्र नियमाचे कारण समजलेल्यालाच दिसते. वाट पाहण्याच्या काळात जग बदलू शकते, म्हणून परतल्यावर आधी ते आहे तसेच आहे का पाहा, हे ते कारण. ते ज्या पानावर ठळकपणे लिहिलेले असेल, ते पान एका ओळीच्या दुरुस्तीपेक्षा बरेच काही देते.

शैलीच्या नियमांना काही जण निव्वळ नीटनेटकेपणा समजतात. त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2014 ची आठवण पुरेशी आहे. 21 तारखेला अ‍ॅपलने आयओएस 7.0.6 ही आवृत्ती घाईने आणली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा आली होती. वर ‘इफ’ होता, पण महिरपी कंस नव्हते. पहिली ओळ ‘इफ’च्या ताब्यात गेली, दुसरी कुठल्याही अटीशिवाय चालू लागली आणि शेवटची पडताळणी वगळून कोड ‘सगळे ठीक’ असे सांगत बाहेर पडू लागला. समासामुळे दोन्ही ओळी ‘इफ’च्या आतल्याच वाटत होत्या. डार्टमध्ये कंसांबद्दल स्वतंत्र लिंट आहे. त्याच्या पानावर ‘एल्स’ नेमका कोणत्या ‘इफ’चा, या जुन्या घोळाचे कारण दिले आहे आणि ‘एल्स’ नसलेला, एकाच ओळीत मावणारा ‘इफ’ अपवाद म्हणून मोकळा सोडला आहे. अपवाद लिहिला की नियमावरचा विश्वास वाढतो. त्यामागे कुणीतरी विचार केला आहे, हे दिसते.

सगळेच नियम इतके निर्विवाद नसतात. डार्टच्या लेखनसंहितेने, म्हणजे ‘इफेक्टिव्ह डार्ट’ने, यासाठी पाच पायऱ्या ठरवल्या आहेत: करा, करू नका, शक्यतो करा, टाळा, विचार करून पाहा. ‘करा’ म्हणजे जवळजवळ नेहमीच. ‘शक्यतो’ म्हणजे सहसा, पण तसे न करण्याला सबळ कारण असू शकते. ‘विचार करा’ म्हणजे परिस्थिती पाहून तुम्हीच ठरवा. लिंटच्या पानांवरची पहिली वाक्ये पुष्कळदा याच शब्दांनी सुरू होतात आणि वाचणाऱ्याला आपण किती बांधील आहोत ते लगेच कळते. स्वतःचे नियम लिहिणाऱ्या टीमने ही पद्धत सरळ उचलावी.

काही नियम तर एकमेकांच्या विरोधात उभे असतात. एक म्हणतो, प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार लिहा. दुसरा म्हणतो, स्थानिक व्हेरिएबलचा लिहू नका. ‘इफेक्टिव्ह डार्ट’ने दुसरी बाजू घेतली असताना खुद्द फ्लटरच्या कोडमध्ये अनेक वर्षे पहिला नियम पाळला गेला. एकाच कंपनीच्या आश्रयाखालच्या दोन टीमची ही दोन मते. इथे कोण बरोबर, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. उपयोगाची आहे ती फ्लटरने आपल्या कोडसाठी ठेवलेली नियमांची फाइल. तिच्यात डार्टचे जवळजवळ सगळे नियम अकारविल्हे ओळीने मांडलेले आहेत, न घेतलेलेसुद्धा. जे घेतले नाहीत ते कॉमेंट करून ठेवले आहेत आणि अनेकांच्या शेजारी कारण आहे: हा अमक्या नियमाच्या उलट आहे, आमच्या कोडच्या शैलीशी जुळत नाही, आम्ही हे सर्रास करतो. ओळीच्या लांबीवरच्या ऐंशी अक्षरांच्या मर्यादेपुढे लिहिले होते, फ्लटरच्या शैलीला ती आवश्यक नाही. नव्या माणसाने रिव्ह्यूमध्ये ‘आपण हा नियम का लावत नाही?’ असे विचारले तर उत्तर फाइलमध्येच असते, कुणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. नाकारलेल्या नियमांची अशी नोंद ठेवणाऱ्या टीम फार कमी आढळतात आणि ही उणीव प्रत्येक नव्या भरतीच्या वेळी जाणवते.

कारण लिहिलेले असले की ते तपासून पाहता येते, हा आणखी एक लाभ. ‘कॉन्स्ट’ वापरा असे सांगणारे काही नियम फ्लटरच्या शिफारस-संचात बरीच वर्षे होते. त्यांच्यामागे वेगाचे कारण सांगितले जाई. पुढे मोजमाप केले तेव्हा नजरेत भरेल असा फरक दिसला नाही, उलट लिहिणाऱ्यांचा त्रास दिसला, आणि ते नियम संचातून काढले गेले. ‘चांगली पद्धत’ एवढेच लिहिले असते तर काय मोजायचे, हेही कुणाला कळले नसते.

‘इग्नोर’ कॉमेंटमधून हरवलेले कारण परत आणण्याचा प्रयत्नही डार्टने केला आहे. ‘डॉक्युमेंट_इग्नोर्स’ नावाचा लिंट चालू केला की कारण न देता टाकलेल्या प्रत्येक ‘इग्नोर’वर तो बोट ठेवतो. जॉन्सन यांच्या त्या कॉमेंटशी याचे नाते उघड आहे. डार्टमध्ये व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येत नाही, पण कॉमेंटला तशी आडकाठी नाही. पुण्यातल्या एखाद्या टीमने हे कारण मराठीत लिहिले तर डार्टची काहीच हरकत नसते आणि एकमेकांशी मराठीतच वाद घालणाऱ्या मंडळींना ते अधिक नेमके लिहिताही येते.

भाषेचा प्रश्न नियमांच्या आतही आहे. अँड्रॉइड लिंट 2011 मध्ये आला. त्याची रचनाच अशी की नियम नोंदवताना नाव, थोडक्यात वर्णन, सविस्तर स्पष्टीकरण, वर्ग, 1 ते 10 मधले प्राधान्य आणि तीव्रता हे सगळे त्याच कोडमध्ये द्यावे लागते. स्पष्टीकरणाचा रकाना ठेवल्याशिवाय नियम जन्मालाच येत नाही. त्यातला ‘हार्डकोडेडटेक्स्ट’ हा नियम लेआउटमध्ये थेट लिहिलेला मजकूर पकडतो. मजकूर असा रुतून बसला तर नुसती भाषांतराची फाइल जोडून अ‍ॅप दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. इंग्रजी अ‍ॅपच्या मराठी आवृत्तीत मध्येच एखादे बटण ‘सबमिट’ राहिलेले दिसते, ते असा इशारा कुणीतरी ओलांडल्यामुळे. हे वाक्य वाचून एका जरी डेव्हलपरने मजकूर बाहेर काढला तरी त्याचा फायदा लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या वापरकर्त्याला होतो.

राहता राहिला प्रश्न विश्वासाचा. पानावरचे उदाहरण खरोखर चालते का? भाषा बदलते, फ्रेमवर्क बदलते आणि पानावरचा ‘बरोबर’ कोड एक दिवस कंपाइलही होत नाही. आयफोनच्या स्विफ्ट भाषेसाठी असलेल्या स्विफ्टलिंटने यावर सुरेख तोडगा काढला. प्रत्येक नियमाबरोबर इशारा देणारी आणि न देणारी अशी दोन्ही उदाहरणे लिहायची आणि इशारा नेमका कुठे यावा तिथे खाली रोखलेला छोटा बाण ठेवायचा. हीच उदाहरणे दस्तऐवजात छापली जातात आणि हीच टेस्ट म्हणून चालवली जातात. बाण चुकला तर बिल्ड पडते. फ्लटरमध्येही याच जातीची व्यवस्था आहे. फ्रेमवर्कच्या कॉमेंटमध्ये लिहिलेले नमुना कोड एक स्क्रिप्ट वेचून बाहेर काढते आणि ते अ‍ॅनालायझरमधून तपासले जातात. एखादे फीचर कालबाह्य ठरवताना लिहायची सूचनासुद्धा ठरलेल्या साच्यात आहे की नाही, हे यंत्र पाहते. कोणत्या आवृत्तीनंतर ते कालबाह्य झाले, हे त्यात असावेच लागते. कोडसाठी लावलेली शिस्त कोड समजावणाऱ्या मजकुरालाही लावायची, हा यातला विचार आहे आणि या पुस्तिकेतील सर्वांत मोठे प्रकरण त्यावरच आहे.

शेवटचे प्रकरण निवृत्त नियमांचे आहे. ‘सुपर_गोज_लास्ट’ हा नियम सांगे की कन्स्ट्रक्टरमध्ये ‘सुपर’ची हाक शेवटी ठेवा. पुढे डार्टच्या कंपायलरनेच तसे करणे सक्तीचे केले आणि लिंटला काम उरले नाही. नल सेफ्टी आल्यावर आणखी काही नियम असेच बिनकामाचे झाले. हे नियम काढले गेले, पण त्यांची पाने काढली गेली नाहीत. नियम आता अस्तित्वात नाही, अशी नोंद करून ती जागच्या जागी ठेवली आहेत. चार-पाच वर्षे कुणी हात न लावलेले एखादे अ‍ॅप नव्या डेव्हलपरच्या गळ्यात पडते, त्याच्या यॅमल फाइलमध्ये हे जुने नाव सापडते आणि तो ते शोधू लागतो. तेव्हा त्याला पान मिळते आणि ती ओळ फाइलमधून निर्धास्तपणे काढता येते.